हिरवा दिवा, समोरून गाड्यांची रांग आणि मला वळायचंय डावीकडे

नाकासमोर | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, हसू नका.

पुण्यात पंधरा वर्षं अ‍ॅक्टिवा चालवली. भर पावसात, मागे पोरगी, पायाशी भाजीची पिशवी अशी अलका टॉकीजच्या चौकातून रोज निघायचे, कधी भीती वाटली नाही. गेल्या वर्षी नवऱ्याच्या नोकरीपायी न्यू जर्सीत आलो. लायसन्सची टेस्ट पहिल्या खेपेला पास झाले, पण ती झाली त्यांच्याच आवारात, ट्रॅफिक कोन मांडलेल्या रिकाम्या रस्त्यावर. खरा चौक भेटला तो लायसन्स हातात आल्यावर.

घरापासून मुलीच्या शाळेपर्यंत एकच मोठा सिग्नल आहे. तिथे मला डावीकडे वळायचं असतं. वळणाऱ्यांची वेगळी लेन आहे, पण बाण नाही. नुसता गोल हिरवा दिवा आणि शेजारी पाटी की हिरव्यावर समोरच्यांना आधी जाऊ द्या. समोरून दोन लेन भरून गाड्या येत असतात. मी थांबते. आणखी थांबते. मग मागचा हॉर्न मारतो आणि माझे हात गार पडतात. गेल्या बुधवारी त्या हॉर्नला घाबरून निघाले, तर समोरच्या पिकअपने असा ब्रेक दाबला की टायरचा आवाज अजून कानात आहे. लागलं कुणाला नाही. पण त्या दिवसापासून मी ते वळणच सोडलंय. सिग्नल ओलांडून सरळ जाते, मग उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे असं फिरून येते. चार मिनिटांच्या रस्त्याला अकरा मिनिटं. मुलगी मागून विचारते, "आई, हे चर्च आपण रोज सगळ्या बाजूंनी का बघतो?"

तर प्रश्न असा, की निघायचं कधी हे तुम्ही कसं ठरवता? व्हिडिओत सगळे म्हणतात पुरेशी जागा दिसली की निघा. पुरेशी म्हणजे किती? आणि चौकाच्या मध्यात जाऊन थांबायचं की रेषेच्या मागे? नियम मी पाठ केलेत, तुम्ही खरोखर काय करता ते सांगा.

अजून एक पुणेकर | सोमवार, रात्री ९.५२

शीर्षक वाचून आलो. डावीकडे वळायला दिवा कशाला बघायचा? आमच्याकडे फ्री लेफ्टची पाटी असते, आणि नसली तरी असतेच. फक्त झेब्र्यावर उभ्या सात दुचाक्या, एक टेम्पो आणि कणीसवाला बाजूला व्हायला हवा. तेवढं झालं की वळा.

चहात बुडालेला | सोमवार, रात्री १०.०५

पुणेकर, आधी धागा वाचत जा, मग प्रतिसाद.

भारतातल्या वाचकांसाठी: अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. तिकडचा डावा टर्न म्हणजे आपला उजवा, समोरून येणाऱ्या सगळ्यांच्या आडवं जायचं. आपल्या डाव्या वळणाचा सोपेपणा तिकडे उजव्याला. तिथे मनाईची पाटी नसेल तर लाल दिव्यावरसुद्धा पूर्ण थांबून, बघून उजवीकडे वळता येतं. न्यूयॉर्क शहरात मात्र उलट, परवानगीची पाटी असेल तरच.

पाचवा गिअर | सोमवार, रात्री १०.३०

नवीन आलेल्या प्रत्येकाचं हेच रडगाणं असतं. बावीस वर्षं अटलांटात चालवतोय. थोडं नाक पुढे घालायचं, समोरचा आपोआप हळू होतो. घाबरत चालवणारेच अपघात करतात. दोन महिन्यांत सवय होईल, धागा काढण्याइतकं काही नाही.

सुपारी | सोमवार, रात्री ११.१४

गिअरसाहेब, "समोरचा आपोआप हळू होतो" हे वाक्य मी तुम्हाला माझ्या जुन्या गाडीचे फोटो दाखवून परत म्हणायला लावलं असतं.

नाकासमोर, माझी गोष्ट ऐका. टेक्सास, संध्याकाळी साडेपाच. मी डावीकडे वळायला उभा. समोरच्या जवळच्या लेनमध्ये गाड्या तुंबलेल्या. त्यातली एक बाई थांबली, माझ्यासाठी जागा ठेवली आणि हसून हाताने "जा" म्हणाली. इतकं बरं वाटलं! आपल्याकडे असं कुणी हात दाखवला की ट्रकवाल्याच्या क्लीनरचा हात असावा तसा आपण त्यावर विश्वास टाकतो. मी निघालो. पलीकडची लेन मोकळी होती, म्हणजे तिथून येणारा चाळीसच्या वेगाने येत होता आणि त्या बाईच्या गाडीआड तो मला दिसत नव्हता, मी त्याला. सरळ माझ्या उजव्या दारात. शेजारची सीट रिकामी होती हे नशीब.

विमा कंपनीने फारसा विचारही केला नाही. डावीकडे वळणारा मी, चूक माझी. ती हात दाखवणारी बाई केव्हाच निघून गेली होती आणि थांबली असती तरी फरक पडला नसता. कुणी हात दाखवला म्हणून वळणाऱ्याची जबाबदारी टळत नाही. दुसऱ्या लेनबद्दल वचन द्यायचा तिला अधिकारच नव्हता.

तेव्हापासून कुणी सभ्यपणे हात दाखवला की मी त्याहून सभ्यपणे मान हलवून नाही म्हणतो.

दुभाजक | मंगळवार, सकाळी ७.२०

माझं पोट सिग्नलच्या वेळा बसवण्यावर चालतं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी गिअर यांच्या "घाबरत चालवणारेच अपघात करतात" याबद्दल. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने चौकातल्या अपघातांवर २०१० साली एक अहवाल काढला होता. त्यात सुमारे २२ टक्के अपघातांच्या आधी गाडी डावीकडे वळत होती. उजवीकडे वळत असलेल्या गाड्या एक टक्क्याच्या आसपास. तपकिरी गाड्यांची पार्सल कंपनी यूपीएस गाड्यांचे मार्ग आखताना डावी वळणं शक्य तेवढी टाळते हे तर प्रसिद्धच आहे. तेव्हा नाकासमोर यांना वाटतं ते वेडेपणाचं नाही.

आता "नाक घालणं". पुण्यात ते चालतं, कारण समोरचा ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने येत असतो आणि कुणीतरी नाक घालणारच हे धरूनच तो चालवतो. त्याची नजर तुमच्या चाकावर, तुमची त्याच्या डोळ्यांवर. सगळा मामला बोलाचालीचा. इथे समोरच्याला हिरवा आहे, तुम्ही थांबणार हे त्याने गृहीत धरलंय आणि त्याचा पाय ब्रेकच्या जवळपासही नाही. तुमचं नाक त्याच्या हिशेबातच नाही. पंधरा वर्षांचा तुमचा सराव खोटा नव्हता, पण तो वेगळ्या खेळाचा होता. बुधवारी तुम्ही निघालात तेव्हा आतून कुठेतरी "तो थोडा हळू होईल" असंच वाटलं असणार. बघा आठवून.

"पुरेशी म्हणजे किती" याला खरं उत्तर आहे. रस्ते आखताना समोरची एक लेन ओलांडून वळणाऱ्या कारसाठी साडेपाच सेकंद धरतात आणि पुढच्या प्रत्येक लेनला अर्धा सेकंद वाढवतात. तुमच्या दोन लेन, म्हणजे सहा सेकंद. ताशी ४५ मैलांनी येणारी गाडी एका सेकंदात वीस मीटर कापते, म्हणजे बरोबर क्रिकेटची एक खेळपट्टी. सहा सेकंद म्हणजे सहा खेळपट्ट्या टोकाला टोक जोडून. एवढी रिकामी जागा दिसली तर निघा. चालत्या गर्दीत ही जागा वाटते त्याहून फार लांब असते. बहुतेक नवखे तीन खेळपट्ट्यांना "बरीच जागा आहे" म्हणतात.

हे गाडीत बसून शिकू नका. एक दिवस पायी जा, कोपऱ्यावर उभ्या राहा, एखादा खांब धरा आणि गाडी खांबापासून झेब्र्यापर्यंत किती सेकंदांत येते ते मोजा. सहा सेकंदांचा खांब सापडला की तो तुमचा खांब. त्याच्या अलीकडे कुणी आलं असेल तर निघायचं नाही.

दुचाकीचं विशेष सांभाळा. समोरून मोटरसायकल येत असेल तर ती लहान दिसते म्हणून लांब आणि हळू वाटते. तुम्ही स्वतः त्या सीटवर पंधरा वर्षं होतात, तुम्हाला जास्त सांगायला नको.

बाकीचं रात्री लिहितो, कामाला निघायचंय.

गल्लीबोळ | मंगळवार, सकाळी ८.०२

पिट्सबर्गहून. आमच्याकडे या सगळ्यावर गावठी तोडगा आहे. दिवा हिरवा झाला की समोरचा सरळ जाणारा क्षणभर थांबतो आणि डावीकडे वळणाऱ्या पहिल्या गाडीला सोडतो. त्यालाच पिट्सबर्ग लेफ्ट म्हणतात. जुने अरुंद रस्ते, वळणाऱ्यांना वेगळी लेन नाही, एक जण अडला की मागची अख्खी रांग अडते, त्यातून ही रीत पडली. कायद्यात बसत नाही. पण इथे वाढलेल्यांना ती शेजारधर्मासारखी वाटते.

मी इथे आलो तेव्हा समोरचा का थांबलाय कळेना, म्हणून मीही थांबलो. दोघे एकमेकांना "आधी आप" करत बसलो. तेवढ्यात दिवा पिवळा.

पाचवा गिअर | मंगळवार, सकाळी ८.४०

म्हणजे नाक घालणं चालतं की शेवटी! गल्लीबोळ यांना अनुमोदन.

गल्लीबोळ | मंगळवार, सकाळी ८.४४

नाही हो. समोरच्याने दिलं तर घ्यायचं. आणि हा शिष्टाचार शहराच्या वेशीबाहेर नेलात तर सुपारी यांच्या गाडीशेजारी तुमच्या गाडीचा फोटो लागेल.

खवट म्हातारी | मंगळवार, दुपारी १.१५

न्यू जर्सीतल्या एडिसनला तीस वर्षं झाली. ओक ट्री रोडवर एकही भारतीय दुकान चुकवलं नाही, त्यामुळे या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे.

हॉर्नचं सांगते, कारण खरं दुखणं तेच आहे. आपल्याकडे हॉर्न म्हणजे "मी आहे हं". रिक्षावाला गल्लीत शिरताना वाजवतो, त्याचा कुणाला राग येत नाही. इकडे हॉर्न क्वचित वाजतो, म्हणून वाजला की आपल्याला वाटतं, सगळ्या गावासमोर मास्तरांनी उभं केलं. त्या मागच्याला तुझ्यासमोरचं काही दिसत नसतं गं. तुझ्या गाडीचा पार्श्वभाग दिसतो आणि वर हिरवा दिवा दिसतो, एवढंच. ज्याला रस्ता दिसत नाही त्याच्या सांगण्यावरून तू रस्ता ओलांडणार?

दुसरं, समोरच्या गाड्यांकडे बघता बघता सगळे विसरतात ती माणसं. तू ज्या रस्त्यात शिरणार आहेस त्यावरचा झेब्रा त्याच वेळी पायी जाणाऱ्यांना मोकळा असतो. समोर जागा मिळाली म्हणून झपकन वळायचं आणि पुढ्यात स्ट्रोलर घेतलेली बाई! मग आडवी अडकतेस, समोरच्या लेनमध्ये. न्यू जर्सीत २०१० पासून झेब्र्यावरच्या पादचाऱ्यासाठी नुसतं हळू होऊन भागत नाही, पूर्ण थांबावं लागतं. म्हणून आधी झेब्रा बघ, मग गाड्या, निघताना परत झेब्रा. आणि काचेच्या डाव्या कडेचा तो खांब असतो ना, त्यामागे चालता माणूस पूर्ण लपतो. मी मान पुढे-मागे करून बघते. नातू म्हणतो आजी कबुतरासारखी करते. करते तर करते.

ट्रामवाली | मंगळवार, दुपारी २.३०

अवांतर: मेलबर्नमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, पण शहराच्या मध्यभागी ट्राम रस्त्याच्या मधोमध धावते. म्हणून उजवीकडे वळायचं असेल तर आधी सगळ्यात डाव्या लेनमध्ये जायचं, चौकात डाव्या कडेला पुढे जाऊन थांबायचं, आणि आडव्या रस्त्याला हिरवा मिळाला की सगळ्यांच्या पुढून उजवीकडे. हूक टर्न. आईबाबा आले होते तेव्हा बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

अजून एक पुणेकर | मंगळवार, दुपारी २.४१

डाव्या कडेने जाऊन सगळ्यांच्या पुढून उजवीकडे? हे आम्ही रोज करतो. याला नावही आहे हे आज कळलं.

दुभाजक | मंगळवार, रात्री ९.१०

पुढे.

मध्यात जाऊन थांबायचं का? राज्याराज्यांत शब्द थोडे वेगळे आहेत, पण जवळपास सगळीकडे शिकवतात ते असं: वळून बाहेर पडायला पुढे जागा असेल तर हिरव्यावर चौकात शिरा, सरळ पुढे या, आणि तिथे वाट बघा. दिवा पिवळा झाला, समोरचे थांबले, की वळून चौक मोकळा करा. हिरव्यावर शिरलेल्याला बाहेर पडायचा हक्क असतो. रेषेमागे थांबलात तर गर्दीच्या वेळी तुमचा नंबर कधीच लागणार नाही, शिवाय वळण लांब पडल्यामुळे सेकंदही जास्त लागतात. पण आत एकच गाडी. आधीच कुणी आत असेल तर तुम्ही रेषेमागे.

आत थांबताना चाकं सरळ. हे मुद्दाम वेगळं लिहितोय. डावीकडे चाकं वळवून उभं राहिलात आणि मागून कुणी धडकलं तर गाडी थेट समोरच्या रांगेत ढकलली जाते. चाकं सरळ असतील तर सरळ पुढे जाते. ब्रेकवर पाय, चाकं सरळ, निघतानाच स्टिअरिंग फिरवायचं.

आता ज्यामुळे मला झोप लागत नाही ती गोष्ट. तुमचा दिवा पिवळा झाला म्हणजे समोरच्यांचाही झाला, असं कधीही धरू नका. काही चौकांत समोरच्या बाजूला शेवटी डाव्या वळणाचा बाण दिलेला असतो, त्यासाठी त्यांचा सरळचा हिरवाही लांबवलेला असतो. तुमचा पिवळा होतो, तुम्ही मध्यात अडकलेल्या, तुम्हाला वाटतं आता समोरचे थांबणार, आणि ते मात्र हिरव्यावर सुसाट येतात. आमच्या धंद्यात याला पिवळा सापळा म्हणतात. लुकलुकणारा पिवळा बाण २००९ च्या राष्ट्रीय नियमपुस्तकात आला, त्याच्या फायद्यांपैकी मोठा हाच, की समोरच्यांचा हिरवा चालू असेपर्यंत तुमचा बाण लुकलुकतच ठेवता येतो. लुकलुकता पिवळा बाण म्हणजे "समोरच्यांना आणि पायी जाणाऱ्यांना आधी सोडा, मग जा". तेव्हा दिव्यावर नाही, समोरच्या चाकांवर नजर. दोन्ही लेनमधल्या पहिल्या गाड्या खरोखर थांबताना दिसल्या की मग वळा.

आणि समोरही कुणी डावीकडे वळायला उभा असतो. त्याची मोठी गाडी म्हणजे तुमच्यापुढची भिंत. तिच्याआडून काय येतंय ते दिसत नसेल, तर काही येत नाही असं नाही. सुपारी यांचा किस्सा त्याच जातीचा.

सुपारी | मंगळवार, रात्री ९.३५

+१. चाकं सरळ ठेवायचं मला बारा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. मी आपला आधीच वळवून, पळायच्या शर्यतीत बसल्यासारखा.

आठ मैलावर | बुधवार, सकाळी ६.५०

मिशिगनवरून सुप्रभात. आमच्याकडच्या रुंद दुभाजकांच्या रस्त्यांवर चौकात डावीकडे वळूच देत नाहीत. चौक ओलांडून सरळ जायचं, पुढे दुभाजकातल्या खाचेतून यू टर्न मारायचा, परत चौकाशी येऊन उजवीकडे वळायचं. मिशिगन लेफ्ट. डेट्रॉईटच्या एट माइल रोडवर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे सुरू झालं. पाहुणे वैतागतात, पण डाव्या बाणांची पाळीच नसल्यामुळे सिग्नल लवकर लवकर बदलतो. सासरे पहिल्यांदा म्हणाले होते, "अरे, घर मागे गेलं!" "हो बाबा, आता पुढून येईल."

नाकासमोर, तुम्ही तीन उजवे मारता त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या राज्याने त्याच्याच भावकीतली गोष्ट सरकारी खर्चाने बांधली.

चहात बुडालेला | बुधवार, सकाळी ९.००

जर्सीचं पण तेच. रूट १ वर डावीकडे जायचं तर उजवीकडच्या फाट्यावर शिरायचं, गोल वळसा घालून आडव्या रस्त्यावर यायचं. जगहँडल, पाण्याच्या जगच्या कानासारखा आकार म्हणून. "सर्व वळणे उजव्या लेनमधून" ही पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा छपाईची चूक वाटली होती. आणि डाव्या लेनमधून कान हुकला की पुढच्या कानापर्यंत प्रवास.

इंडियानात कार्मेल नावाचं गाव आहे, तिथे दीडशेच्या वर चक्राकार चौक बांधून बहुतेक सिग्नलच काढून टाकलेत. मामेभाऊ तिथे राहतो. म्हणतो डावा टर्न म्हणजे काय हे पोरांना सांगावं लागतं.

पाचवा गिअर | बुधवार, सकाळी ९.२०

सेकंद मोजा, खांब मोजा, चाकं सरळ करा. विमान उडवताय का? चालवून चालवूनच येतं.

खवट म्हातारी | बुधवार, सकाळी ९.५५

गिअर, तुम्ही बावीस वर्षांत किती जणांना ब्रेक मारायला लावलेत हे तुम्हाला कळणार नाही. ते त्यांना माहीत. (दिवा घ्या. पिवळा.)

नाकासमोर | तिसरा सोमवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे आभार. दोनदा-तीनदा वाचला धागा. अहवाल देते.

दुभाजक, तुमचं ऐकून शनिवारी पायी गेले. सासूबाई सध्या इथे आहेत, त्याही आल्या, "घरात बसून तरी काय करू" म्हणत. कोपऱ्यावर बस थांब्याचं बाक आहे, तिथे थर्मास घेऊन बसलो. मी खांब दाखवायचा आणि सासूबाईंनी मोजायचं, "एक विठ्ठल, दोन विठ्ठल" असं, कारण त्यांच्या मते नुसते आकडे माणूस घाईत खातो, विठ्ठलाला कुणी खात नाही. पेट्रोल पंपाच्या फलकापासून झेब्र्यापर्यंत साडेचार विठ्ठल भरले. मी बुधवारी त्या फलकाच्याही अलीकडे आलेल्या पिकअपसमोर निघाले होते! सहा विठ्ठलांचा खांब त्याच्या बराच मागे, दाताच्या दवाखान्याच्या पाटीपाशी आहे. मला तो आजवर कधी दिसलाच नव्हता.

अर्धा तास बसल्यावर आणखी एक लक्षात आलं. समोरच्या गाड्या सलग नसतात, झुंडीने येतात. त्यांच्या मागच्या सिग्नलने सोडलेली झुंड येते, मग जरा रिकामं, मग पुढची. झुंडीचं शेपूट ओळखता आलं की मधली जागा आयती मिळते. गाडीत बसून मला हे कधी कळलं नसतं, कारण मी समोर नाही, आरशात बघत असायचे. मागचा हॉर्न मारतोय का ते. म्हातारी, तुम्ही बरोबर पकडलंत. (म्हातारी म्हणायला जड जातंय, पण नाव तुम्हीच घेतलंय.)

आणि नाक घालण्याबद्दल, हो, मला खरंच वाटलं होतं की तो हळू होईल. अलका चौकात झालाच असता.

गेल्या आठवड्यात पाचपैकी दोन दिवस तिथूनच वळले. सोमवारी पूर्ण हिरवा संपला, पिवळ्यावर समोरच्या दोघी थांबताना बघितल्या आणि निघाले. मंगळवारी हॉर्न वाजला. सासूबाई शेजारी होत्या. त्या मागे वळून म्हणाल्या, "वाजव बाबा, आमची मोजणी चालू आहे." बुधवारी पाऊस होता, म्हणून नाही गेले, आणि गुरुवारी उशीर झाला होता. घाईच्या दिवशी ते वळण घ्यायचं नाही असं सध्या ठरवलंय. त्या दोन दिवशी पुढच्या सिग्नलला गेले, तिथे हिरवा बाण आहे हे या भानगडीत समजलं. तिथून शाळा दोनच मिनिटं लांब पडते. इतके दिवस हे माहीत नव्हतं, कारण मी त्या सिग्नलच्या आधीच उजवीकडे पळायचे.

दुभाजक | तिसरा सोमवार, रात्री १०.४८

झुंडीचं तुम्ही स्वतः शोधलंत, फार आवडलं. आम्ही त्यासाठी संगणक लावतो.

बाणाच्या सिग्नलबद्दल एक. तिथे रेषेपाशी डांबरात कापल्यासारख्या चौकोनी किंवा गोल खुणा दिसतील. खाली तारेचं वेटोळं असतं, गाडी त्यावर आली की यंत्राला कळतं. फार मागे थांबलात तर यंत्राच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, आणि बाण येणार नाही. अगदी रेषेच्या मागे, खुणांवर थांबा. कुठे कॅमेरे असतात, तरी रेषेपाशी थांबणं चांगलंच.

आणि तुमच्या पहिल्या चौकाबद्दल तो रस्ता ज्यांच्या ताब्यात असेल त्यांना लिहा, गावाकडे, काउंटीकडे नाहीतर राज्याकडे. बाण हवा एवढंच लिहू नका. कोणत्या वेळेला किती गाड्या अडकतात ते मोजून लिहा. मोजणारं माणूस तुमच्या घरात आहेच.

नाकासमोर | तिसरा सोमवार, रात्री १०.५५

सासूबाईंना सांगितलं. त्या विचारतायत, मानधन किती.

सुपारी | तिसरा सोमवार, रात्री ११.०२

मुलगी काय म्हणतेय?

नाकासमोर | तिसरा सोमवार, रात्री ११.०६

चर्चच्या मागच्या अंगणात एक मांजर बसायचं म्हणे, ते आता दिसत नाही, म्हणून रुसलीय. शुक्रवारी तेवढ्यासाठी तीन उजवे मारले.

कापूसकोंड्या | तिसरा मंगळवार, सकाळी ७.३०

इतके दिवस नुसतं वाचत होतो. माझा प्रश्न उलटा आहे. दहा वर्षं कॅलिफोर्नियात चालवतोय, पुढच्या महिन्यात तीन आठवडे पुण्यात आहे आणि बाबांची गाडी चालवायची वेळ येणार. तिथे चौकात उजवीकडे वळायचं असतं. गेल्या वेळी मी सहा सेकंदांच्या मोकळ्या जागेची वाट बघत उभा राहिलो. तीन सिग्नल गेले, मग बाबा खाली उतरले आणि त्यांनी हात दाखवून वाहतूक थांबवली. काय करू?

अजून एक पुणेकर | तिसरा मंगळवार, सकाळी ७.३४

नाक घाला.

पाचवा गिअर | तिसरा मंगळवार, सकाळी ७.३६

अखेर!